मंडळाच्या सोडतीला परवाना लागतो, मग फोनवरच्या कॅसिनोला का नको? उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास भारतातून शेकडो मराठी मुले-मुली इथल्या विद्यापीठांत दाखल होतात आणि त्याच सुमारास आपल्या मंडळांमध्ये गणेशोत्सव, दिवाळी अंक आणि नाट्यप्रयोगांसाठी प्रायोजक शोधण्याची धावपळ सुरू होते. या दोन्ही कामांशी ज्याचा थेट संबंध आहे, पण ज्याविषयी मंडळांच्या बैठकांत सहसा बोलले जात नाही, असा एक विषय मी या पत्रातून आपल्यापुढे ठेवत आहे. तो म्हणजे स्वीपस्टेक्स (बक्षिसांची सोडत) कॅसिनो या नावाने फोनवर चालणारे जुगार, आणि कोणत्या राज्यात ते कायदेशीर आहेत व कोणत्या नाहीत याविषयीचा गोंधळ. माझी मागणी सुरुवातीलाच सांगतो. मंडळांनी या कंपन्यांकडून, किंवा त्यांच्या वतीने ग्राहक गोळा करणाऱ्यांकडून, एक डॉलरही जाहिरात म्हणून घेऊ नये, आणि नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागत-मेळाव्यात या विषयाला दहा मिनिटे द्यावीत. हे का करावे, ते पुढे सविस्तर लिहितो.

या कॅसिनोंची रचना समजून घेतल्याशिवाय कायद्याचा प्रश्न कळत नाही. अशा संकेतस्थळावर दोन प्रकारची नाणी असतात. पहिली नावापुरती सोन्याची (गोल्ड कॉइन), म्हणजे पडद्यावर नुसती खेळायची; त्यांना बाजारात काहीही किंमत नाही. दुसऱ्या प्रकारच्या नाण्यांना बहुतेक ठिकाणी स्वीप्स कॉइन म्हणतात, आणि ठरलेल्या अटी पूर्ण केल्यावर साधारणपणे एका नाण्याला एक डॉलर या दराने ती रोख रकमेत बदलून मिळतात. कंपनी हे दुसरे नाणे कधीही ‘विकत’ नाही. खेळणारा दहा डॉलर देतो ते कागदोपत्री सोन्याच्या नाण्यांसाठी, आणि त्यांच्यासोबत दहाच्या आसपास स्वीप्स कॉइन त्याला ‘भेट’ म्हणून मिळतात. मग त्या भेटीवर तो स्लॉट किंवा ब्लॅकजॅक खेळतो आणि जिंकल्यास पैसे बँकेत जमा करून घेतो. सोन्याच्या नाण्यांसाठी कोणी पैसे मोजत नाही, हे विकणाऱ्यालाही ठाऊक आहे आणि घेणाऱ्यालाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर अमेरिकी राज्यांच्या जुगारविषयक कायद्यांत आहे. बहुतेक राज्यांत एखादा व्यवहार बेकायदा जुगार किंवा लॉटरी ठरण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: बक्षीस, नशिबाचा भाग, आणि भाग घेण्यासाठी दिलेला मोबदला. यातली एक काढून घेतली की तो व्यवहार जाहिरातीसाठी काढलेली सोडत ठरतो. शीतपेयाच्या बाटलीच्या झाकणाखाली छापलेले बक्षीस किंवा मासिकांच्या वर्गणीसोबत चालणाऱ्या सोडती याच आधारावर वर्षानुवर्षे चालत आल्या, आणि ‘खरेदीची आवश्यकता नाही’ हे वाक्य त्यांच्या खाली बारीक अक्षरांत छापलेले असते ते यासाठीच. स्वीपस्टेक्स कॅसिनोंनी तीच वाट धरली. कंपनीच्या पत्त्यावर हाताने लिहिलेले कार्ड टपालाने पाठवले की काही मोजकी स्वीप्स कॉइन फुकट मिळतात. म्हणजे पैसे देणे बंधनकारक नाही, म्हणजे मोबदला नाही, म्हणजे हा जुगार नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

हा युक्तिवाद मला प्रामाणिक वाटत नाही, आणि त्याचे कारण सोडतीच्या हेतूत आहे. शीतपेयाची कंपनी पेय विकते आणि सोडत त्या विक्रीला हातभार लावते. सोडत बंद झाली तरी लोक पेय विकत घेतच राहतील. इथे सोडत काढून घेतली तर विकायला काहीच उरत नाही. रात्री दोन वाजता फोनवर स्लॉट फिरवणारा माणूस आणि टपालपेटीत कार्ड टाकून आठवडे वाट पाहणारा माणूस यांना एकाच पारड्यात बसवून पहिल्याचा जुगार दुसऱ्याच्या कार्डामुळे शुद्ध होतो असे मानणे, हे कायद्याच्या शब्दांत कदाचित बसेल, पण त्याच्या हेतूत बसत नाही. ही क्लृप्ती नवीही नाही. साधारण पंधरा वर्षांपूर्वी नॉर्थ कॅरोलिना, फ्लोरिडा, ओहायो या राज्यांत इंटरनेट कॅफे निघाले होते. तिथे इंटरनेटची वेळ विकत घेतली की सोबत सोडतीत भाग मिळे, आणि सोडतीचा निकाल पडद्यावर स्लॉट मशीनच्या रूपात दिसे. नॉर्थ कॅरोलिनाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१२ मध्ये त्यांच्यावरील बंदी उचलून धरली. फ्लोरिडात २०१३ मध्ये अशा कॅफेंच्या एका साखळीवर धाडी पडल्या, त्या प्रकरणात तेव्हाच्या लेफ्टनंट गव्हर्नरना राजीनामा द्यावा लागला आणि महिन्याभरात विधिमंडळाने कॅफेच बंद केले. आजचे संकेतस्थळ म्हणजे तोच कॅफे. फरक इतकाच की तो आता प्रत्येकाच्या खिशात आहे.

आता आपल्या मंडळांकडे वळतो, कारण सोडत हा प्रकार आपल्याला चांगला माहीत आहे. दिवाळीच्या कार्यक्रमात पाच-पाच डॉलरची तिकिटे विकून एखाद्या पैठणीची किंवा टीव्हीची सोडत काढायची असेल, तर न्यू जर्सीतील मंडळाला आधी राज्याच्या लीगलाइज्ड गेम्स ऑफ चान्स कंट्रोल कमिशनकडे नोंदणी करावी लागते, मग नगरपालिकेचा परवाना घ्यावा लागतो, आणि सोडतीनंतर जमाखर्चाचा अहवालही द्यावा लागतो. कॅलिफोर्नियात ना-नफा संस्थेला ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या, कार्यालयात नोंद करावी लागते आणि तिकीटविक्रीतून आलेल्या एकूण रकमेपैकी किमान ९० टक्के रक्कम धर्मादाय कामासाठीच वापरावी लागते. आपल्यातील ज्या खजिनदारांनी हे अर्ज भरले आहेत, त्यांना त्यातला काच ठाऊक आहे. एका पैठणीसाठी समाजाला एवढा हिशेब द्यावा लागतो आणि चोवीस तास चालणाऱ्या, लाखो लोकांपर्यंत पोहोचणाऱ्या कॅसिनोला मात्र इतकी वर्षे कोणाच्याही दारात जावे लागले नाही, ही विसंगती मला सर्वांत जास्त खटकते. माझा आक्षेप जुगार या गोष्टीला तितका नाही, जितका कोणालाही उत्तरदायी नसलेल्या जुगाराला आहे.

राज्यांनी याबाबत काय केले, ते पाहू. अमेरिकेत जुगाराचा कायदा मुख्यतः राज्यांच्या हाती आहे आणि पैसे लावून खेळायचा ऑनलाइन कॅसिनो परवान्याने चालतो तो मोजक्याच राज्यांत: न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, वेस्ट व्हर्जिनिया, कनेक्टिकट, डेलावेअर आणि २०२४ पासून ऱ्होड आयलंड. नेव्हाडासारख्या राज्यातसुद्धा ऑनलाइन फक्त पोकरला मुभा आहे. उरलेल्या राज्यांतील मोठी पोकळी स्वीपस्टेक्सवाल्यांनी भरून काढली. गंमत म्हणजे ज्या युटा आणि हवाई या राज्यांत सरकारी लॉटरीसुद्धा नाही, तिथल्या फोनवरही ही संकेतस्थळे उघडत राहिली.

वॉशिंग्टन राज्याचा अनुभव सर्वांत आधीचा आणि माझ्या मते सर्वांत बोलका आहे. तिथे ‘बिग फिश कॅसिनो’ या खेळातल्या चिप्स रोख रकमेत बदलताच येत नव्हत्या. तरीही २०१८ मध्ये संघराज्याच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने म्हटले, की त्या चिप्समुळे पुढे खेळण्याची संधी मिळते, म्हणून त्या राज्याच्या कायद्यानुसार मूल्य असलेली वस्तू ठरतात. त्यानंतर त्या खेळामागच्या कंपन्यांनी १५.५ कोटी डॉलर देऊन खेळणाऱ्यांचा दावा मिटवला. ज्या नाण्यांचे पैसेच मिळत नाहीत, त्यांच्यासाठी जर एका राज्याने एवढी कठोर भूमिका घेतली, तर ज्यांचे पैसे मिळतात त्या नाण्यांना दुसरीकडे निरुपद्रवी करमणूक का म्हणावे, याचे समाधानकारक उत्तर मला कुठेही मिळालेले नाही.

२०२५ हे वर्ष निर्णायक ठरले. मे महिन्यात मोंटानाने दुहेरी नाण्यांच्या या प्रकाराला स्पष्ट बंदी करणारा पहिला कायदा केला. कनेक्टिकटने जूनमध्ये तेच केले, आणि दोन्ही कायदे १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाले. नेव्हाडाने परवान्याशिवाय चालणाऱ्यांची शिक्षा वाढवली. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी जूनमध्ये २६ संकेतस्थळांना व्यवहार थांबवण्याच्या नोटिसा पाठवल्या आणि डिसेंबरमध्ये गव्हर्नर होकल यांच्या सहीने बंदीचा कायदा झाला.

आमच्या न्यू जर्सीची गोष्ट थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. इथे नोव्हेंबर २०१३ पासून परवानाधारक ऑनलाइन कॅसिनो चालतात, म्हणजे या राज्याला जुगाराचे वावडे नाही. वर्षाच्या सुरुवातीला असेंब्ली सदस्य क्लिंटन कॅलाब्रीज यांनी स्वीपस्टेक्स कॅसिनोंनाही परवान्याच्या चौकटीत आणावे असे विधेयक मांडले होते. पुढे त्यांनीच ती दिशा सोडली आणि सरळ बंदीचे विधेयक आणले. गव्हर्नर मर्फी यांनी १५ ऑगस्ट २०२५ रोजी त्यावर सही केली. पहिल्या उल्लंघनाला एक लाख डॉलर आणि त्यापुढच्या प्रत्येकाला अडीच लाख डॉलर दंडाची तरतूद त्यात आहे. ज्या राज्याला ऑनलाइन कॅसिनोवर देखरेख करण्याचा एक तपाहून अधिक अनुभव आहे, त्यानेच परवाना न देता दार बंद केले, याला मी फार महत्त्व देतो.

कॅलिफोर्नियातील लढा अधिक गुंतागुंतीचा होता, कारण तिथे कॅसिनो चालवण्याचा हक्क प्रामुख्याने आदिवासी राष्ट्रांकडे, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या स्वशासित जमातींकडे, आहे आणि मतदारांनी राज्यघटनेद्वारे तो मान्य केला आहे. बहुसंख्य आदिवासी राष्ट्रांच्या संघटनेने बंदीच्या बाजूने जोर लावला. पण क्लेटसेल देहे विंटून नेशन या छोट्या राष्ट्राने विरोध केला, कारण मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या जमातींना ऑनलाइन भागीदारी हाच उत्पन्नाचा मार्ग दिसत होता. हा विरोध मी हलक्याने घेत नाही. तरी विधेयक दोन्ही सभागृहांत एकमताने संमत झाले, गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबरमध्ये सही केली आणि १ जानेवारी २०२६ पासून ते अमलात आले. मंडळांनी या कायद्यातली एक बाब विशेष लक्षात घ्यावी. केवळ कॅसिनो चालवणाराच नव्हे, तर जाणूनबुजून त्याला साहाय्य करणारे पैशांच्या देवघेवीचे मध्यस्थ, खेळ पुरवणारे आणि प्रसिद्धी करणारे भागीदारही त्याच्या कक्षेत येतात. न्यूयॉर्कच्या कायद्यातही अशीच तरतूद आहे. तेव्हा अशा कंपनीचा प्रोमो कोड कार्यक्रमाच्या पत्रिकेवर किंवा दिवाळी अंकात छापण्यापूर्वी वकिलाला विचारलेले बरे. माझे मत विचाराल, तर विचारण्याची वेळच येऊ देऊ नये.

आणि मग लुइझियाना. तिथे दोन्ही सभागृहांनी बंदीचे विधेयक एकमताने संमत केले, पण गव्हर्नर लँड्री यांनी ते नामंजूर केले. कारण असे दिले, की असलेल्या कायद्यानेच हे बेकायदा आहे आणि राज्याचे गेमिंग मंडळ कारवाई करतेच आहे. त्या गेमिंग मंडळाने लगोलग चाळीसहून अधिक नोटिसा पाठवल्याही. म्हणजे बंदीचे विधेयक पडले, पण प्रकार कायदेशीर झाला नाही. सामान्य माणसाने बातमीचा मथळा वाचला असेल तर त्याला नेमके उलटे वाटले असणार. मिशिगन, मेरीलँड, ॲरिझोना या राज्यांतही नवा कायदा न होता केवळ नोटिसांच्या बळावर कंपन्यांना माघार घ्यायला लावण्याचे प्रयत्न झाले आहेत. दुसरीकडे फ्लोरिडा आणि मिसिसिपी इथली २०२५ ची बंदीची विधेयके विधिमंडळातच संपली. तेव्हा ‘माझ्या राज्यात बंदीचा कायदा नाही’ याचा अर्थ ‘माझ्या राज्यात परवानगी आहे’ असा होत नाही, आणि ‘ॲप उघडते’ याचा अर्थ तर यांपैकी काहीच होत नाही. एखादे राज्य यादीतून वगळायचे की नाही, हे बहुतेक वेळा कंपनीच ठरवते. आणि ते ठरवताना ती स्वतःवरच्या दाव्याची जोखीम पाहते, तुमचे हित नव्हे.

भारतातून नुकत्याच आलेल्या मुलांना हा गोंधळ समजणे आणखी कठीण आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, कौशल्य की नशीब असा भेद न करता, देशभर बंदी घालणारा कायदा केला. तिथून आलेल्या मुलाला वाटते, की इथे जे उघडपणे जाहिरातीत दिसते ते सरकारने मान्य केलेलेच असणार. त्यातच परवानाधारक कॅसिनोत खेळायला सहसा वय एकवीस लागते, तर स्वीपस्टेक्सची अनेक संकेतस्थळे अठराव्या वर्षी आत घेतात. एकटेपणा, शैक्षणिक कर्जाचा हप्ता, डॉलर आणि रुपयाचे मनातल्या मनात चाललेले गणित, हे सगळे ज्या वयात एकत्र येते, नेमके तेच हे वय आहे. माझ्या परिचयातल्या एका कुटुंबात मुलाने संपूर्ण सत्राचे शुल्क अशाच खेळात घालवले आणि घरी कळले ते विद्यापीठाचे थकबाकीचे पत्र आल्यावर. अशा वेळी मुलाला आणि आईवडिलांना सर्वांत आधी आपल्यापैकीच कोणाचा तरी फोन आठवतो.

हे नुकसान परवानाधारक ठिकाणी होत नाही असे मी म्हणत नाही. पण न्यू जर्सीच्या परवानाधारक कॅसिनोत माणसाला राज्याच्या यादीत नाव घालून स्वतःला सर्व ठिकाणांहून एकाच वेळी बाहेर ठेवता येते, रकमेची आणि वेळेची मर्यादा घालून घेता येते, खेळांची यंत्रणा राज्याकडून तपासलेली असते, आणि पैसे अडकले तर डिव्हिजन ऑफ गेमिंग एन्फोर्समेंटकडे तक्रार करता येते. स्वीपस्टेक्सच्या संकेतस्थळावर मर्यादा असल्याच तर त्या कंपनीच्या मर्जीने, आणि तक्रार कंपनीकडेच. करारातल्या लवादाच्या कलमामुळे न्यायालयाची वाटही अनेकदा बंद झालेली असते.

करांविषयी मुलांना कोणी सांगत नाही, म्हणून तेही लिहितो. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षे करांच्या दृष्टीने सहसा अनिवासी असतो. अनिवासी व्यक्तीने स्लॉटसारख्या खेळात जिंकलेल्या रकमेवर साधारणपणे ३० टक्के कर लागतो आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. म्हणजे वर्षभरात तीन हजार जिंकून चार हजार हरलेला विद्यार्थी तोट्यात असूनही कर देणे लागतो. ग्रीन कार्डधारक आणि नागरिकांसाठीही २०२६ पासून नियम कडक झाला असून हरलेल्या रकमेपैकी ९० टक्केच विचारात घेतली जाते. नागरिकत्वाच्या अर्जात बेकायदा जुगाराबाबत प्रश्न असतो, हेही सांगायला हवे. मात्र भीती पसरवण्यासाठी नव्हे. राज्यांचे हे नवे कायदे खेळणाऱ्यांना नव्हे, चालवणाऱ्यांना पकडण्यासाठी आहेत, आणि अडचणीत सापडलेल्या मुलाने गुन्हेगार ठरण्याच्या धास्तीने मदत मागणेच टाळले तर आपण त्याचे अधिक नुकसान करू.

कंपन्यांचा प्रतिवाद मी वाचला आहे. त्या म्हणतात, आम्हाला बंद करू नका, परवाना द्या, आम्ही कर भरू. प्रौढ माणसाने आपल्या पैशाचे काय करावे हे सरकारने सांगू नये. यातल्या दुसऱ्या मुद्द्याशी मी बराचसा सहमत आहे. पण परवान्याची भाषा त्यांच्याकडून ऐकू आली ती राज्ये दारे बंद करू लागल्यावर. जोपर्यंत बाजार मोकळा होता, तोपर्यंत आपण कॅसिनोच नाही असे त्या ठामपणे सांगत होत्या. एखाद्या राज्याला परवाना द्यायचा असेल तर त्याने उघडपणे कायदा करावा, वय, मर्यादा, तपासणी आणि कर यांचे नियम घालावेत. त्याला माझा विरोध राहणार नाही. माझा विरोध मधल्या धूसर अवस्थेला आहे, कारण त्या अवस्थेत नफा कंपनीचा आणि जोखीम घरातल्या माणसाची असते.

आपल्या सर्व मंडळांची मध्यवर्ती संस्था असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशने २०२२ मध्ये न्यू जर्सीतील अटलांटिक सिटीत आणि २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजेमध्ये झाली. या दोन्ही राज्यांनी आता या प्रकाराला बंदी केली आहे. हजारो माणसे जमणाऱ्या पुढच्या अधिवेशनांसाठी आणि स्थानिक मंडळांसाठी माझ्या काही ठोस विनंत्या आहेत. प्रायोजकत्वाच्या नियमावलीत एक ओळ घालावी: ज्या राज्यात कार्यक्रम आहे तिथला परवाना नसलेल्या कोणत्याही जुगार-कंपनीची जाहिरात, प्रोमो कोड किंवा बक्षीस स्वीकारले जाणार नाही. विद्यार्थी-स्वागताच्या कार्यक्रमात भाडेकरार, आरोग्यविमा आणि वाहन परवाना यांच्या जोडीने हा विषय एखाद्या करसल्लागाराने किंवा वकिलाने मांडावा. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटांत ‘माझ्या लिंकवरून नाव नोंदवा, दोघांनाही नाणी मिळतील’ असे संदेश येतात, ते गटप्रमुखांनी काढून टाकावेत. ज्या राज्यांत कायदा अजून झालेला नाही, तिथल्या सभासदांनी आपापल्या विधिमंडळ सदस्याला व्यक्तिशः पत्र लिहावे. मंडळाने त्यासाठी मजकुराचा नमुना आणि सदस्याचा पत्ता शोधून दिला तरी पुरे.

शेवटची विनंती थोडी मोठी आहे. १-८००-गॅम्बलर ही जुगाराच्या व्यसनासाठीची मदतवाहिनी कोणालाही मोफत उपलब्ध आहे, पण रात्री उशिरा आपल्या आईला काय सांगावे हा प्रश्न मुलाला मराठीतच पडतो. प्रत्येक मोठ्या मंडळाने दोन-तीन समंजस सभासदांची नावे ठरवावीत. त्यांनी मदतवाहिनीचे काम करू नये, फक्त ऐकून घ्यावे, त्या मुलाला राज्यातल्या योग्य यंत्रणेपर्यंत पोहोचवावे आणि विद्यापीठाकडून शुल्काचे हप्ते करून घेण्यास साहाय्य करावे. एडिसन परिसरात हे काम करायला मी तयार आहे. येत्या कार्यकारिणी बैठकीच्या विषयपत्रिकेवर हे पत्र ठेवावे आणि प्रायोजकत्वाच्या नियमाबाबत जो निर्णय होईल तो सभासदांना लेखी कळवावा, ही विनंती.

आपला,
मंडळाचा एक आजीव सभासद
एडिसन, न्यू जर्सी